उभा उंबरठा

चहाचं आधण ठेवलं होतं आणि फोन वाजला. जित्याहून छायाचा. छाया म्हणजे आमच्या वन्संच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. "मामी, शालूकाकू गेल्या ओ..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "पडल्या का गो?" कधी गेल्या नाही, कशाने गेल्या नाही, पडल्या का! "नाय ओ मामी. आंघोळ झाली, देवपूजा झाली, दाराला हळदकुंकू लावलं, चहा घेतला. पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी हाक मारली तं... बसल्या बसल्याच ओ." आणि मी, देवाशप्पथ सांगते, तिथे गॅसपाशी उभी राहून ओरडले, "जिंकल्या! वन्सं जिंकल्या!" आतून हे धावत आले. सख्ख्या मोठ्या बहिणीच्या मरणाची बातमी ह्यांना मी ही अशी दिली. त्यांना वाटलं, मला वेड लागलं. मग मी मटकन खाली बसले आणि जे रडायला सुरुवात केली ते आधणाचं पाणी आटून भांडं करपेपर्यंत रडत होते.

वन्सं म्हणजे शालिनीताई, माझी मोठी नणंद. माहेर रोह्याचं, सासर जित्याचं. नवरा लवकर गेला, तेव्हा घरातल्या घरात मशीन टाकून ब्लाउज शिवायला लागल्या आणि त्यावर मुलगा शिकवला. पेणहून बायका रिक्षा करून यायच्या त्यांच्याकडे. माणूस दिसला की त्यांचे डोळे आधी खांद्यावर, मग छातीवर, मग कंबरेवर. माझी हळद उतरली नव्हती तेव्हा मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "नीला, कुणी शिवला गो हा ब्लाउज? खांद्यात उतरलाय. काढ, दोन टाके मारून देते." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी! मी मनात म्हटलं, ही बाई आपल्याला सुखाने नांदू देणार नाही. पुढे ह्यांच्या कंपनीच्या क्वार्टर्स सोडून आम्ही रोह्याजवळ वरश्यात स्वतःचं घर बांधलं. मी हौसेने न्हाणीघरात आरशासारख्या चकचकीत लाद्या बसवून घेतल्या. वास्तुशांतीला वन्सं आल्या, पाय धुवायला आत गेल्या आणि भरल्या घरात मोठ्याने म्हणाल्या, "न्हाणी हाय का घसरगुंडी?" सगळे हसले. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, हे तर त्याहून वाईट!

तर एका वर्षी होळी झाल्यावर वन्सं पडल्या. पापडाची परात दोन्ही हातांत घेऊन उन्हात ठेवायला निघाल्या होत्या. खाली दिसेना, गुडघा उचलेना, अंगठा उंबरठ्याला अडकला आणि परातीसकट पडवीत. डावं मनगट मोडलं. महेश, त्यांचा मुलगा, पनवेलहून धावत आला. चांगला मुलगा हो, आईवर जीव आहे त्याचा, पण घाबरला की हुकूम सोडतो. "बस झालं आई. घराला कुलूप लावायचं आणि पनवेलला चलायचं. गणपतीसुद्धा यंदापासून तिकडेच आणू." मी आणि हे तिथेच होतो. वन्सं गळ्यात हात बांधून खाटेवर बसलेल्या. मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, "गणपतीपर्यंत थांब. तोवर परत पडले तं माझी पिशवी मी भरते, तू बोलायची पण गरज नाय. नाय पडले, तं गणपती इथेच बसणार आणि मी पण इथेच बसणार. बोल." महेशने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण पडलीस की विषय संपला." आणि खरंच सांगते, तेव्हा मला वाटलं, श्रावणाच्या आतच ह्या पनवेलला जाणार. त्या गुडघ्यांचं काही खरं नव्हतं.

प्लास्टर निघालं आणि वन्संचा फोन. "नीला, ये गो ये, लगेच ये! मला सापडलंय!" काय सापडलंय ते सांगेनात. मी मिळेल ती गाडी पकडून जित्याला उतरले. दारातून आत बघते तर काय, वन्सं भिंतीला पाठ लावून उभ्या, गळ्यात शिवणाची टेप, हातात खडू. "हात वर करते मी, जिथवर दुखत नाय तिथे खूण कर." मी खूण केली. मग वाकल्या, जिथवर कळ येत नाही तिथे दुसरी खूण. "झालं! ह्या दोन रेघांच्या मधीच माझं सगळं सामान. वरचं खाली, खालचं वर. इतकी वर्षं दुसऱ्याच्या मापाच्या घरात राहत होते बघ मी. सासऱ्यांनी बांधलं ते सासऱ्यांच्या मापाने, सहा फूट माणूस! आता मी माझ्या मापाचं शिवून घेते." डोळे असे चमकत होते त्यांचे, मुंजीच्या मुलासारखे. आणि मग काय, आम्ही दोघींनी पदर खोचले! माळ्यावरची पितळेची पिंपं खाली काढली, ज्याला हवी त्याला देऊन टाकली. डबे खुणांच्या मध्ये आले. पायपुसणी सगळी गोळा करून छायाच्या गोठ्यात, कारण त्याच्यावरच म्हातारी माणसं घसरतात. खाटेवर बसून पाय टेकतात की लोंबकळतात ते बघून खाटेचे पाय कापून घेतले. दिव्याचं बटण उशीपाशी. न्हाणीत खरखरीत लादी, कमोड, आणि त्याच्या बाजूला लोखंडी दांडी, तीसुद्धा त्यांच्या कोपराच्या उंचीवर. खडूने रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "इथे खिसा, इथे बटण, इथे अस्तर." मी रोज वरश्याला परत जायची आणि ह्यांना सांगत सुटायची. हे म्हणायचे, तू एवढी कशाला नाचतेस? आता काय सांगू कशाला. पंचाहत्तरीला आलेली बाई नवं घर मांडत होती आणि त्यात मला हाताशी घेतलं होतं!

राहता राहिला उंबरठा. तोच तर त्यांना पाडणारा. सागाचा, जाड, वीतभर उंच. ह्याच्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडून वन्सं नवरी म्हणून ह्या घरात आलेल्या. रोज सकाळी त्याच्यावर हळदकुंकू, पुढे रांगोळी, एक दिवस चुकला नसेल. बाळाराम गवंडी बाकी सगळं करून बसला होता, पण उंबरठ्याचं नाव काढलं आणि थापी खाली ठेवली. "काकू, लक्ष्मी बसते त्याच्यावर. मी नाय हात लावणार. काय झालं तं माझ्या नावावर येईल." छायाची सासू भिंतीवरून ओरडली, "शालू, काय अंगात आलंय काय गो तुझ्या?" दोन दिवस वन्संचं काम ठप्प. मशीनवर बसायच्या, पण पाय चालत नव्हता. मला म्हणाल्या, "नीला, काढल्याशिवाय मी इथे राहत नाय आणि काढला तं हे घर माझं राहत नाय... काय करू गो?" मी आपली चहा करून आणला.

तिसऱ्या दिवशी गेले तर वन्सं न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून दारात बसलेल्या. उंबरठ्याला हळदकुंकू, फुलं, नारळ, उदबत्ती. हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, जसं काही माणसाशीच बोलतायत, "आजवर माझे पाय तुझ्यावरनं गेले. आता मला उचलवत नाय. तू आडवा राहिलास तं मला पाडशील. उभा राहा, मला धर." आणि बाळारामकडे वळून, "दाराच्या कडेला, ह्या बाजूला, उभा बसव. माझ्या हाताच्या मापाने. हळदकुंकू रोज तिथेच लागेल. लक्ष्मीला सांगितलंय मी, तिला चालतंय. तुला चालत नसेल तं हातोडा इकडे दे." आणि खरंच घेतला हो हातोडा, मनगट अजून सुजलेलं! पहिला घाव त्यांनीच घातला. मग बाळाराम काय करतो, पुढचं त्याने केलं. संध्याकाळपर्यंत उंबरठा चौकटीला लागून उभा. वन्सं एक हात त्याच्यावर ठेवून सपाट जमिनीवरून बाहेर गेल्या, आत आल्या, बाहेर गेल्या, आत आल्या. हसत होत्या नुसत्या. छायाची सासूसुद्धा हळूच एक चक्कर मारून गेली!

मात्र एक गोष्ट आम्ही दोघी विसरलो. त्यांचं घर भातशेतीला लागून. आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली आणि एका सकाळी वन्संचा फोन, "नीला, घरात मुठे शिरलेत गो!" शेतातले खेकडे, अडवायला उंबरठा नाही, तर थेट स्वयंपाकघरापर्यंत. एक तर शिवणाच्या मशीनखाली बसून नांग्या दाखवत होता. मला वाटलं, झालं, आता ह्या घाबरून पडतील आणि महेशला आयतं कारण मिळेल. तर वन्सं फोनवर हसताहसता खोकायला लागलेल्या. "घरपोच आले! दुपारी कालवण हाय, येतेस काय?" गेले मी, सोडते काय! आणि मग बाळारामला बोलावून दाराबाहेर उतार करून घेतला, कडेला बारीक पन्हळ काढली, म्हणजे पाणीही बाहेर आणि मुठेही बाहेर.

असं करत गणपती आले. वन्सं पडल्या नव्हत्या. पण महेशचं समाधान नव्हतं. आल्याआल्या सगळं घर फिरून बघितलं, दांड्या हलवून बघितल्या, आणि दाराशी येऊन तोंड वाकडं केलं, "उंबरठा काढलास? गणपती कुठल्या उंबरठ्यावरून आत आणायचा मग?" मग हमरापूरला जाऊन मूर्ती घेऊन आला. आम्ही सगळे दारात, वन्सं तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन. त्याच्या पायावर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, "मोरया" झालं. पाटावर गणपती, दोन्ही हात गुंतलेले, महेशने आत यायला पाय उचलला... आणि जन्मभराच्या सवयीने उचलला वीतभर उंच! खाली उंबरठाच नाही. पाय हवेत राहिला, मग धपकन खाली आला, तोल गेला. छाया किंचाळली. महेश गणपतीसकट कलला आणि त्याचा खांदा जाऊन आदळला तो उभ्या उंबरठ्यावर. तिथेच टेकला. गणपती हलला नाही, जास्वंदीचं फूल तेवढं पडलं. आणि वन्सं म्हणतात कशा, "पडणारा तू, आणि पनवेलला मला नेतोस व्हय रे?" एवढे हसलो आम्ही, एवढे हसलो की गणपती अर्धा तास तसाच महेशच्या हातात! त्याच्या खांद्यावर हळदीचा मोठा पट्टा उमटला होता. तोच शर्ट घालून त्याने आरती केली. पनवेलचा विषय त्या दिवशी संपला.

पुढे चांगली काही वर्षं वन्सं त्या घरात एकट्या, पण राणीसारख्या राहिल्या. आणि स्वस्थ बसल्या असं वाटतं की काय तुम्हाला? आळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची मापं घ्यायला लागल्या! माझ्याकडेही आल्या वरश्याला, टेप घेऊनच. मी आधी ठणकावलं, माझ्या लाद्यांना हात लावायचा नाही. मग दिवसभर रुसवे, टोमणे, आणि संध्याकाळी चकचकीत लाद्यांवर खरखरीत पट्ट्या बसलेल्या, भिंतीवर खडूची रेघ आणि रेघेवर दांडी. "आता ठीक," म्हणाल्या, "आता खांद्यात उतरत नाय."

तेराव्याचं जेवण आटपलं. महेशने पनवेलहून नवं कुलूप आणलेलं. वन्संच्या घराला कुलूप! एकेक जण बाहेर पडत होता, आणि प्रत्येकाचा हात न सांगता त्या उभ्या उंबरठ्यावर जात होता. हे, मी, छाया. शेवटी महेश आला. दार ओढलं, कुलूप लावायला हात पुढे केला आणि थांबला. तळहात पिवळा झाला होता. सुतकात कुणी हळद लावली नव्हती, सुतक फिटल्यावरही त्या दाराकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या शेवटच्या सकाळी चहा घ्यायच्या आधी वन्संनी लावली होती, तीच ती. महेश किती वेळ हाताकडे बघत राहिला... मग कुलूप खिशात टाकलं, नुसती कडी घातली. "छाया, सकाळी हळदकुंकू लावत जाशील?" छायाने मान हलवली. "गणपतीला येतो," म्हणाला.

आम्ही वरश्याला पोचलो. मी पाय धुवायला न्हाणीत गेले आणि सवयीने दांडी धरली. सोडली तेव्हा बघितलं, दांडीवर पिवळा ठसा. वन्संच्या खडूच्या रेघेच्या बरोब्बर वर. पुसायला फडकं हातात घेतलं होतं, तसंच खाली ठेवलं. आता रोज सकाळी तिथेच धरते, आणि मोठ्याने सांगते त्यांना, "नाही हो पडले, वन्सं."