‘स्टिल’चं भाषांतर

मंडळी, आज एका ॲपसाठी ‘आर यू स्टिल देअर?’ हे वाक्य जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये करत होते. सगळी मेख त्या ‘स्टिल’मध्ये. जर्मनमध्ये ‘नॉख’ लगेच बसलं, बाकी दोन्हीकडे अडले.

भाषांतर मी मोठ्यानं म्हणून तपासते. हडपसरच्या फ्लॅटमध्ये एकटीच असते, ऐकायला कोण आहे? शेवटी वैतागून बाल्कनीत गेले आणि मराठीतच म्हणून बघितलं, “अजून आहात का?”

शेजारच्या बाल्कनीतून काकू म्हणाल्या, “आहे हो, अजून आहे.”

तीन वर्षांत आम्ही लिफ्टमध्ये फक्त माना हलवल्यात.

मग त्यांनीच विचारलं, “आणि तुम्ही?”

प्रश्न सकाळपासून तीन भाषांत घोळवत होते. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली.

तुम्हाला हे शेवटचं कोणी विचारलं होतं?