माशीचं काम

आई वीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात भांगलायला गेली. त्या मजुरीवर मी घरातली पहिली पदवीधर झाले. उचगावातल्या आमच्या तुकड्यावर मी शेडनेट उभारून काकडी लावली. हे पीक आलं की आईची मजुरी बंद, असं ठरवलं होतं. वेल डोक्यावर गेले, फुलंही आली, पण काकडी बोटाएवढी होऊन पिवळी पडायची आणि गळायची.

एका दुपारी कोण कुठली एक म्हातारी पाणी मागायला आली. वैरणीचा भारा तिनं दारातच टाकला. पाणी पिऊन, कमरेवर हात ठेवून ती वेलाकडं बघत राहिली.

"बियाणं कुठलं गं?"

"उघड्या माळावर लावतात तेच."

"शिकलीस किती?"

"बी.ए. झालेय," मी ताठ मानेनं सांगितलं.

"मग माशी आत कुठनं येणार, एवढं शिकवलं न्हाय व्हय? चौबाजूनं जाळी मारलीस की!"

बंद जाळीत मधमाशीशिवाय फळ धरणारं वेगळं बियाणं लागतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. तिनं एक नर फूल खुडलं, पाकळ्या काढल्या आणि मागं इवलीशी काकडी असलेल्या फुलाला ते हळूच घासलं.

"आता माशीचं काम तूच कर. रोज सकाळी, ऊन चढायच्या आत," ती दमल्या आवाजात म्हणाली. मी भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि ती गेली. नाव विचारायचं राहिलं.

मग रोज सकाळी मी आणि आई फुलाला फूल लावत फिरलो. पाठ मोडून गेली, पण काकडी धरली. त्या हंगामापासून आई दुसऱ्याच्या शेतात गेलेली नाही.