बदामाची उतारी

मंगळवारी सकाळी माझे यजमान वारले. आदल्या रविवारी आम्ही क्लबच्या ढालीसाठी ब्रिज खेळलो होतो. शेवटच्या डावात त्यांनी बदामाची उतारी केली आणि आम्ही हरलो.

मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. दिवसकार्य व्हायच्या आतच क्लबातल्या लोकांनी या दोन गोष्टी जोडून टाकल्या. त्या डावात आमच्याविरुद्ध खेळलेले एक निवृत्त बँक अधिकारी भेटायला आले. चहाचा कप धरून ते म्हणाले, "वहिनी, रविवारीच सुरुवात झाली असणार बघा. न्हायतर पाच किलवर असताना बदाम कोण खेळतंय? तुम्ही तर समोरच बसलावता की. लक्षात कसं आलं न्हाय तुमच्या?"

मी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. ती का सरकवली, याचा मला अजून राग येतो.

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार. प्रत्येकाला तेरा पत्ते. आधी बोली होते, म्हणजे आपण किती हात करू ते सांगायचं. मग बोली जिंकणाऱ्याच्या डावीकडचा माणूस पहिलं पान टाकतो. ती उतारी. तोवर एकही परका पत्ता उघडलेला नसतो. स्वतःचे तेरा पत्ते आणि कोण काय बोललं, एवढ्यावरच ठरवायचं.

त्या दिवशी बँकेच्या साहेबांनी 'एक नोट्रम्प', म्हणजे हुकूम नसलेली बोली, म्हटलं आणि त्यांच्या जोडीदाराने थेट 'तीन', म्हणजे नऊ हात. आम्ही दोघे पास. उतारी माझ्या यजमानांची. जोडीदाराकडे चार इस्पिक किंवा चार बदाम असते, तर त्याने तीन म्हणण्याआधी बोलीतूनच तशी चौकशी केली असती. ती केली नाही. ह्यांच्याकडे किलवरची राणी होती आणि खाली चार लहान किलवर. बाकी सगळा पाला. किलवर पुढेमागे चालली असती, तरी ती खेळायला डाव पुन्हा ह्यांच्याकडे यायला वाट नव्हती. म्हणजे आमच्या बाजूचं बळ माझ्याकडे असणार, आणि माझा रंग इस्पिक नाहीतर बदाम. ह्यांच्याकडे इस्पिक दोन होते, बदाम तीन. बदामाला आधार जास्त, म्हणून ह्यांनी बदाम टाकला.

माझ्याकडे चार बदाम होते. चार इस्पिकही होते. इथपर्यंत ह्यांचा प्रत्येक विचार खरा निघाला. पण किलवरचा एक्का आणि राजाही माझ्याचकडे होते, ते त्यांना दिसायची सोय नव्हती. किलवर आली असती तर आमचे सलग पाच हात झाले असते आणि त्यांची बोली बुडाली असती. बदामावर साहेबांनी नऊ हात केले आणि ढाल नेली. ज्या उतारीने हा माणूस जिंकला, तिलाच तो रोगाचं लक्षण म्हणत होता.

ह्यांची शिरोलीला फौंड्री होती, साच्यात लोखंड ओतायचा कारखाना. क्लबातून घरी आलो की जेवणाच्या टेबलावर आम्ही एखादा डाव पुन्हा मांडायचो. ह्यांचा नियम असा, की चर्चा ज्याच्या पानाची, त्याचेच पत्ते उघडे ठेवायचे. बाकीच्या तीन जणांचे पालथे. मी चुकून एखादा उलटला की ओरडायचे, "साचा फोडल्यावर भोक कुणालाबी दिसतंय! ओतायच्या आधी बोल की!"

काही महिन्यांनी मी पुन्हा क्लबात जाऊ लागले. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावर कुणाची तरी उतारी फसली आणि हशा झाला. "फौंड्रीचा बदाम टाकलास की रे!"

"हळू. वहिनी हायत," बँकेचे साहेब म्हणाले.

म्हणजे शब्द जुना होता. मलाच आज कळत होता.

मी उठले. पत्त्यांचा एक जोड घेतला आणि त्यांच्या टेबलावर तो डाव लावला. तिघांचे पत्ते पालथे ठेवले, ह्यांचे तेरा त्यांच्यापुढे उघडे मांडले.

"बोली तीच. उतारी करा."

"आता काय विचारताय वहिनी? किलवर."

"का?"

"का म्हंजे? तुमच्याकडं एक्का-राजा हाय न्हवं!"

"माझे पत्ते पालथे आहेत."

"आवो, पण मला म्हाईत हाय की!"

त्यांचाच जोडीदार फिसकन हसला. साहेबांचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ द्या. माणूस गेलं, आता डाव कशाला उकरायचा? आम्ही तर त्यांना समजूनच घेत होतो. आजारी माणूस..."

"ते आजारी नव्हते. विचार करत होते." त्या खोलीत माझा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "आणि डाव मी उकरलेला नाही."

कुणीतरी पुढचे पत्ते वाटले.

आता माझ्यासमोर कुणी तसं म्हणत नाही. मी निघाल्यावर म्हणत असणार. घरी मी तो डाव अनेकदा मांडला आहे, तीन जणांचे पत्ते पालथे ठेवून, आणि दर वेळी बदामच टाकला आहे. पालथ्या पत्त्यांत काय आहे, ते मलाही माहीत असतं. तरी बदामच.

त्या रविवारी त्यांचं डोकं शाबूत होतं. हे सांगणारी आता मी एकटी आहे.