मामीच्या दगडावरचा शेंदूर

आमच्या इतिहास मंडळात आम्ही सगळे मिळून सात-आठ जण. निम्मे निवृत्त, निम्मे ऑफिसात कंटाळलेले. रविवारी जालन्याहून गाडी करायची, गावोगावच्या वीरगळी, बारवा पाहायच्या, मोजमापं घ्यायची, येताना भजी खायची. मी त्यात सर्वांत नवा, चार पुस्तकं वाचून अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. बाकीच्यांनी काही ना काही शोधलेलं होतं. माझ्या नावावर एक वीटसुद्धा नव्हती.

धावड्याच्या अलीकडे माझ्या मामाचं गाव. मामा गेल्यापासून तिथं मामी एकटीच असते. तिच्या बांधावर शेंदरानं माखलेला कमरेएवढा दगड आहे, गाव त्याला लेकुरवाळी म्हणतं. बाळंतीण सव्वा महिन्यानं बाळ घेऊन यायची, मामी बाळाला दगडाच्या पायाशी ठेवायची आणि कपाळाला शेंदूर लावायची. चाळीसेक वर्षं हा मान तिचा होता. माझ्या दोन्ही मुलींना तिनंच तिथं ठेवलं होतं.

एकदा सहज गेलो, तर उन्हानं शेंदराचा पापुद्रा सुटलेला. वर चंद्र-सूर्य दिसले, खाली बोटाला गाढवाचं तोंड लागलं. मला तिथंच कळलं, हा गधेगळ. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला आईवरून दिलेली शिवी, तीही दगडात कोरलेली. गाढव आणि खाली बाई. याहून फोड करून आज सांगवत नाही. त्या दिवशी मात्र मला आनंद झाला होता.

घरी आलो, मामीनं वाढलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला, पण तिला काही बोललो नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती आणि माझा शोध हातचा गेला असता. म्हटलं, "मामी, आमची माणसं आणतो, देवी साफ करून देतो."

"आण की," ती हरखून म्हणाली, "लई दिवसाची मळलीय माय माझी."

पुढच्या रविवारी मंडळ आलं. मामीनं घरोघर जाऊन बायका गोळा केल्या होत्या. आम्ही बांबूच्या कामट्यांनी शेंदूर काढत होतो, दगडाला ओरखडा जाऊ नये म्हणून किती जपत होतो! चित्र उघडं पडलं आणि मी भाषण ठोकलं. शिवी काय, ती कुणाला, बाई कोण, सगळं सविस्तर. पोरं खिदळली, मोबाइल निघाले. बायका पदर ओढून मागच्या मागे निघून गेल्या. मामी ओवाळायचं ताट धरून उभी होती. ते खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

पेपरात माझं नाव छापून आलं. मंडळानं शाल, श्रीफळ दिलं. ते घेताना मी हसलेला फोटोही आहे.

महिन्यानं मामीकडे गेलो. मधल्या काळात एकही बाळ आलं नव्हतं. चहा पुढ्यात ठेवून तिनं विचारलं, "तुला आधी म्हाईत होतं का रे? चार लोकात कशाला, मला घरात सांगायचं होतंस."

"न्हाई मामी," मी म्हणालो, "मला बी तवाच कळलं."

इतकी वर्षं शहरात राहून गावची बोली विसरलो होतो. खोटं बोलताना बरी तोंडात आली. तिचा चेहरा मोकळा झाला. "मंग तुझी काय चूक," म्हणाली आणि मला आणखी एक कप चहा दिला. तोही मी प्यालो.

परवा बाजारात तिची शेजारीण भेटली. गावात अजून सगळे माझ्यावर चिडून आहेत म्हणाली, मला पुन्हा पाय ठेवू देऊ नका असंही काही जण म्हणतात. "पण तुमची मामी कुनाला बोलू देत न्हाई," ती सांगत होती. "परवा भर चावडीत भांडली. म्हनली, त्याला काहीच म्हाईत नव्हतं, लेकुरवाळीची आन घेऊन सांगते."