साखरेची बरणी कोण हलवतं?

मये तळ्याच्या वळणावर आमच्या शेजारच्या सगुणकाकांचा पोसरो, म्हणजे किराणा दुकान, आहे. तांदूळ, साखर, काडेपेट्या, सकाळी उंडे म्हणजे गोल पाव आणि तळं बघायला येणाऱ्यांसाठी थंड बाटल्या, एवढाच माल. पण दुकान त्यांनी अशा बेताने लावलं होतं की कदेलीवरून, म्हणजे खुर्चीवरून, न उठता प्रत्येक वस्तूला हात पोहोचावा. वरच्या फळीवरची पाकिटं ओढायला आकडी लावलेली काठी होती, फ्रीजच्या दाराला दोरी होती. उंडे आणणारा पोदेर टोपली थेट त्यांच्या मांडीशी ठेवायचा.

"राजाक उठूची गरज नाय," गिऱ्हाईकं म्हणायची.

काका हसत नसत. उठलं की पाठ वळते आणि पाठ वळली की माल जातो, असं त्यांचं पक्कं मत होतं. कुणी "बरे आसात मां?" विचारलं तरी हा आज का विचारतोय, हे ते रात्री जेवताना शोधत बसायचे. सगळ्यात जास्त संशय पोटच्या मुलावर. प्रज्योतने एकदा बोलता बोलता म्हटलं होतं की या जागेत स्कूटर भाड्याने देण्याचा धंदा चांगला चालेल. तेव्हापासून काकांना वाटायचं, आपण कदेल सोडली की दुकान गेलंच.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचे पाय संध्याकाळी जड व्हायला लागले. रक्तातली साखर आधीच वाढलेली. रुक्मिणीकाकी त्यांना डिचोलीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण दिवसभर असं बसून राहू नका. मधून मधून उठा, दुकानातच फेऱ्या मारा."

परतीच्या बसमध्ये काका काकींच्या कानाशी लागले. "ह्या डॉक्टराक प्रज्योतान पढवून ठेवला."

"गप बसा. लोक आयकतत."

"उठा म्हणता! माका कित्या उठवतत तां माका कळता."

त्यानंतर दुकानातल्या वस्तू जागा बदलायला लागल्या. दुपारी एकला दुकान बंद करून काका घरी जेवायला जात, झोप काढून चारला परत येत. एके दिवशी येऊन बघतात तर साखरेची बरणी समोरच्या भिंतीशी. मग आकडीची काठी गायब झाली. मग फ्रीजची दोरी कुणीतरी सोडून ठेवली. प्रत्येक वेळी शिव्या घालत त्यांना उठावं लागे, आणि संध्याकाळपर्यंत ते वस्तू पुन्हा हाताशी आणून ठेवत.

"बाबा, कॅमेरो बसवया," प्रज्योत म्हणाला.

"आणि मोबायलात बघतलो कोण? तू?"

चोर सापडायचा तर एकच वाट होती. काकांनी दुपारची झोप सोडली. आमच्या गावात दुपारी झोपत नाही म्हणजे माणूस आजारी तरी असतो किंवा भांडलेला तरी. डबा दुकानात मागवून ते अर्धं दार लावून बसून राहू लागले. लघवीला उठायला नको म्हणून पाणीही कमी पिऊ लागले. सकाळी उंड्यांपासून रात्री दिवा मालवेपर्यंत आता कदेलच. डावी पोटरी दुखायला लागली, तिला हात लावला की गरम लागायची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी घरी बसवलं असतं.

एवढं करून चोर काही येईना. म्हणजे आपण आत आहोत हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे तो घरातलाच! एका सकाळी काकांनी पणजीला जातो म्हणून घरी सांगितलं, दुकान उघडलंच नाही, मागच्या दाराने आत शिरून कडी न लावता अंधारात बसले.

दुपारी मागचं दार हळूच उघडलं. काचेच्या कौलातून पडणाऱ्या उजेडात एक हात आला आणि त्यांच्या कोपराजवळचा चिंचेचा डबा उचलू लागला. काका झटकन उठले. निदान उठायला गेले. डाव्या पायाने दगा दिला आणि ते डब्यासकट जमिनीवर आले.

"अगे आवय!" चोर ओरडला. त्या रुक्मिणीकाकी होत्या.

"तू?"

"मगे कोण? चोर साखर उचलून थंयच दुसऱ्या फळयेर ठेवता काय?"

"कित्या गे असां?"

"माझ्या सांगण्यान तुमी उठलां असतां? चोराच्या भियान तरी उठतलात म्हटलां."

मग काकींचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. डावी पोटरी उजवीपेक्षा खूपच फुगलेली आणि लाल. काकी प्रज्योतला हाका मारत धावल्या.

पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर माणूस हाती लागला नसता, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरने सांगितलं. तेव्हा मी सुट्टीत गावी होते, काकींच्या सोबतीला गेले होते. मी पंपांच्या कारखान्यात काम करते, त्यामुळे मला ते लगेच पटलं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. दिवसभर बसणं म्हणजे तो पंप बंद ठेवणं.

काकींना मात्र वेगळंच खात होतं. बाहेरच्या बाकावर बसून त्या मला म्हणाल्या, "उठवूक गेलंय आणि माझ्यामुळां ते जास्तच बसले."



काका वाचले. दुकानात परतले तेव्हा काकींनी उघडउघड गल्ला एका भिंतीला आणि साखर दुसऱ्या भिंतीला लावली होती. कदेल बाहेर ओट्यावर. काका प्रत्येक गिऱ्हाइकासाठी गल्ल्याला कुलूप लावून साखरेकडे जातात, परत येऊन कुलूप तपासतात. औषधाच्या गोळ्यांचा रंग कालचाच आहे ना, हे प्रज्योतसमोर उजेडात धरून बघतात.

परवा मी सुट्टीत गेले, त्या कदेलीत टेकले. काका आतून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"चेडवा, तुझा काम बसून?"

"हो काका. कॉम्प्युटरवर."

"दिसभर?"

"तसंच."

ते बाहेर आले, माझ्यासमोर वाकले आणि खोटी नोट तपासावी तसे डोळे बारीक करून म्हणाले, "पाय बघू."