बिनमायन्याचं पत्र

नोकरीभर मी शाळेत पत्रलेखन शिकवलं. मायना, मजकूर, समारोप. मायना चुकला की गुण गेले, मग पुढचा मजकूर मोत्याच्या अक्षरात का असेना. निवृत्त झाले तरी खोड काही जात नाही. लग्नपत्रिका आली तरी माझा हात लाल पेन शोधतो. त्यामुळे शेजारच्या सिस्टर त्यांच्या बायबलमधलं एक पत्र घेऊन माझ्या पडवीत बसल्या, तेव्हा मी पहिली ओळ वाचली आणि म्हटलं, हे तर नापास.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. मूळच्या मिरजेकडच्या, ख्रिस्ती. बदलीवर रत्नागिरीत आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. अख्खी आळी त्यांना सिस्टर म्हणते आणि त्या मला बाई. त्यांच्या चर्चच्या अभ्यासवर्गाने निबंध मागवला होता: या पत्राची साहित्यिक रचना आणि त्यातले मुख्य विचार. धर्म तुमचा नसला तरी पत्र ते पत्रच, तुम्ही मदत करा, असं त्यांचं म्हणणं. मी होकार दिला, कारण मलाही दुपार खायला उठत होती. हे गेल्यापासून घरात मी एकटी, आणि एकुलता मुलगा बोटीवर. तो वैशाखात उतरून घरी येणार होता. माझं सगळं लक्ष तेवढ्या एका गोष्टीवर लागलेलं होतं.

ते पत्र जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं. कुणी लिहिलं ते कुणाला ठाऊक नाही, नेमकं कुणाला लिहिलं यावरही वाद. अमक्याकडून तमक्याला, तुमचं बरं असो, यातलं काही नाही. एकदम मुद्द्यालाच हात.

नापास म्हणून हसले खरी, पण मला माहेरची पत्रं आठवली. माझं माहेर संगमेश्वराच्या आतल्या बाजूला. बाप्ये सगळे मुंबईला, गावात बायका, भातशेती आणि आठवड्यातून येणारा पोस्टमन. पत्र मीच वाचून दाखवायची. आई मजकुराआधी विचारायची, “आदी वर शिरी हाय काय बग.” कारण माणूस गेल्याच्या पत्रावर श्री नसतं, मायना नसतो, क्षेमकुशल नसतं. कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. असं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. बाहेर अंगणात, खळ्यात उभ्यानं वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं. पुढे मी मुलांचे गुण कापायची ते अभ्यासक्रमात होतं म्हणून, पण मनातून मायना म्हणजे मला लिहिणाऱ्याचा श्वास चालू असल्याची खूण वाटायची.

सिस्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, शेवट बघा, शेवटी सगळ्यांना सलाम कळवलाय, कुणीतरी कैदेतून सुटल्याची बातमी आहे. अभ्यासकांच्या मते हे मुळात मंडळीपुढे वाचायचं प्रवचन असावं, म्हणून वर मायना नाही. मी म्हटलं, नाहीतर वरचा भाग कुणीतरी फाडला असेल. ते त्यांना आवडलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं पान काढलं.

रचना मात्र चोख निघाली. आधी शिकवण, मग मध्येच इशारा, परत शिकवण, परत इशारा. गोष्ट सांगता सांगता आई पोराला दटावते ना, तसं. मी इशाऱ्यांखाली लाल रेघा मारत गेले आणि माझ्या लक्षात आलं की पहिला इशारा मऊ आहे, ऐकलेलं धरून ठेवा, वाहत जाऊ नका एवढाच. पुढचे बहुतेक कडक होत जातात. मध्यावर तर मागे फिरण्याची वाटच बंद असल्यासारखं वाटतं. ज्यांना लिहिलंय ते लोक थकलेत, सिस्टर म्हणाल्या, नवा विश्वास सोडून परत फिरायला निघालेत, म्हणून लिहिणारा जीव तोडून सांगतोय. मला ते पान आवडेना. ज्याला इतकं बजावावं लागतं त्याचं काहीतरी होणार हे आपल्याला कळतंच. पुढे तर विश्वासावर घर सोडून निघालेल्यांची भली मोठी माळ आहे आणि त्यातले बरेचसे वचनाची पूर्तता न पाहताच मेले. सिस्टर हे भक्तीने वाचत होत्या. मी खिडकीतून भाट्याच्या समुद्राकडचं आभाळ बघत होते. भर उन्हाळ्यात ते चार दिवस काळवंडून यायचं आणि न बरसता तसंच राहायचं.

नांगरावर मात्र आम्ही दोघी चांगल्याच फसलो. पत्रात आशेला नांगर म्हटलंय. मी निबंधाच्या कच्च्या मसुद्यात लिहून मोकळी झाले: आशा जमीन उकरते, ढेकळं फोडते, मग पीक येतं. सिस्टरांना ते इतकं पटलं की त्यांनी पक्कं करून टाकलं. एक मिरजेची, एक डोंगराकडची. दोघींच्या डोळ्यांपुढे बैलच उभे राहिले. रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला कौतुकाने वाचून दाखवलं.

त्याचा फोन कायम एकाच वाक्याने सुरू व्हायचा. “आई, मी बरा आहे, आता तू बोल.” हा त्याचा मायना. पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा मीच त्याला तो घालून दिला होता. त्या रविवारीही तो तसंच म्हणाला, मग माझा उतारा ऐकून पोट धरून हसला. “आई, आयुष्य दर्याकाठी काढलंस आणि नांगर म्हटल्यावर शेतातला?” मग त्याने समजावलं. त्यांची बोट एका परक्या बंदराबाहेर नांगरून होती, धक्का मिळायची वाट बघत. हवा बिघडत चालली होती. मोठा वारा सुटला की नांगर तळ सोडतो आणि बोट हळूहळू सरकायला लागते. मी विचारलं, कळतं ना पण तुम्हाला? तो म्हणाला, “बुडणारी बोट दिसते गो आई. सरकणारी आधी कळतच नाही, म्हणून तर पाळीपाळीने पहारा.”

मी सिस्टरांना नांगर दुरुस्त करायला सांगितला. पत्राच्या पहिल्या इशाऱ्यातलं वाहत जाणं आणि हा नांगर एकमेकांना कसे धरून आहेत तेही आता दिसलं. सिस्टर खूश झाल्या, निबंधाला कणा मिळाला म्हणाल्या. मला मात्र ते दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मोबाइलवर त्याच्या आवाजातला निरोप आला. मागे घोंघाट होता. “आई, ऐक. वारा वाढलाय, फोन लागणार नाही दोनचार दिवस. आंबे ठेव मला.” एवढंच. मी तो पुन्हा पुन्हा लावला. मी बरा आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. सिस्टरांना ऐकवला तर त्या म्हणाल्या, घाईत असेल पोर, घाईत कोण मायना घालतं? त्यांचं बरोबर होतं. तरी मी तो निरोप पडवीत उभं राहूनच ऐकत होते, घरात नेववत नव्हता.

दोनचार दिवस झाले, मग आणखी झाले. मी त्याच्यासाठी पेंढ्यात आंब्याची अढी घातली होती, ती पिकली आणि सगळ्या घरभर वास सुटला. मी दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. सिस्टर निबंध घेऊन रोज येत होत्या, वाचत मात्र काही नव्हत्या. एकदा त्यांनी माझा हात धरून डोळे मिटले. मला प्रार्थना येत नाही त्यांची, पण मी हात सोडवला नाही.

फोन आला तो दुपारी, सिस्टर शेजारीच बसल्या होत्या. मुंबईचा नंबर, कंपनीच्या ऑफिसमधून. माणूस मराठी होता आणि फार सभ्य. नमस्कार मॅडम. कशा आहात? तब्येत बरी आहे ना? घरात सोबत कुणी आहे का? आपण बसला आहात का? एकही गोष्ट राहिली नाही. इतका सविस्तर मायना मला कुणी कधी घातला नव्हता.

मी म्हटलं, “मायना पुरे. मजकूर सांगा.”

त्याने सांगितला. नांगर सरकत होता. साखळी बघायला जे पुढे गेले त्यांच्यात माझा मुलगा होता. लाट वर आली. शोध थांबवला होता.

फोन सिस्टरांनी हातातून काढून घेतला. पुढचं त्याच बोलल्या, नर्सच्या आवाजात, कागदावर काहीतरी लिहून घेत. मी स्वयंपाकघरात जाऊन अढीवरचं गोणपाट नीट केलं. का केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

मग माहेरी कळवायला हवं होतं. तिथे आता भाऊ असतो. मी मोबाइल घेतला. एरवी त्याला मेसेज करताना मी वर श्री लिहिते, चि. लिहिते, अनेक आशीर्वाद लिहिते, आणि भाचे त्यावरून माझी थट्टा करतात. या वेळी वर काही लिहिलं नाही. पहिल्या ओळीत मुलाचं नाव घातलं, खाली मजकूर लिहिला आणि पाठवून दिलं. भाऊ त्याच गावचा, त्याच आईचा. पुढचं त्याला वाचावं लागलं नसणार.