काजाच्या मशीनपुढचा ढीग

शर्टांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. दुपार झाली तरी माझं टेबल रिकामंच असायचं आणि पलीकडे काजं करणाऱ्या सुनंदाच्या मशीनपुढे शर्टांचा ढीग तिच्या खांद्यापर्यंत चढलेला असायचा. शिलाईची मशिनं पुष्कळ होती, काजाचं मात्र एकच. प्रत्येक शर्ट तिथूनच पुढे जायचा.

एके दिवशी सुनंदाने मशीन थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते. "सगळ्यांचं माझ्यामुळं अडतं. उद्यापासून मी येत नाही," ती म्हणाली.

कॉलर शिवणारी परवीन आमच्यात सगळ्यात चपळ. ती उठून आली. "अगं, माझा हात जितका भरभर चालतो, तितका तुझा ढीग वाढतो. आज कॉलरी पुरेत. काजांच्या खुणा मी करून देते, धागे ही कापेल," माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "तू नुसती काजं कर."

आम्ही तिघी त्या एका मशीनभोवती बसलो आणि शर्ट हळूहळू पुढे सरकू लागले. धागे कापताना मला वाटलं, घरातही असंच होतं. ज्याच्यापाशी काम तुंबतं, त्याला आपण घाई करायला सांगतो. त्याच्या शेजारी जाऊन बसायचं मात्र सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदा आली. शर्टांची खोकी गाडीत चढत होती, ते बघत ती दारात उभी राहिली आणि हसून म्हणाली, "कुणाकुणाच्या अंगावर चढतील गं हे शर्ट?"